मांजरी ते कोल्हापूर, उसाच्या मागावर

ऊस बघत फिरायचं तर जानेवारीतच. कारखाने भरात असतात, आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेला) ऊस तुटत असतो, सुरूच्या, म्हणजे थंडीतल्या, लागणी चालू असतात आणि दुपारीसुद्धा बांधावर उभं राहवतं. आम्ही तिघं निघालो: मी, माझे चुलते आप्पा आणि दाजी. गाडी दाजींची, ऊस आप्पांचा आणि सगळीकडचे फोन नंबर माझ्या मोबाईलमध्ये, अशी वाटणी. घरचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, या हंगामानंतर मोडायचा आहे. पुढची लागण रोपांनी करायची की टिपऱ्यांनी (उसाच्या तुकड्यांनी), सरी चार फुटी की पाच फुटी, त्या एआयच्या नादाला लागायचं की नाही, हे मोबाईलवरचे व्हिडिओ बघून ठरेना. म्हणून म्हटलं, चला, समक्ष बघून येऊ.

पहिला दिवस: मांजरी

हडपसर ओलांडलं की मांजरी. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावानं सुरू झाली आणि १९८९ मध्ये वसंतदादा पाटील गेल्यावर तिला त्यांचं नाव दिलं गेलं. कारखान्यांच्या वर्गणीवर उभी राहिलेली संस्था असल्यानं इथं बोलण्यात टनेज (उसाचं वजन) आणि उतारा (उसातून निघणारी साखर) दोन्ही एका दमात येतात.

आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला तो ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत. बूट बाहेर काढून काचेपलीकडून बघायचं. पांढऱ्या उजेडात मांडणीवर मांडणी, त्यावर बाटल्याच बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या तळाला थिजलेलं माध्यम आणि त्यावर कोथिंबिरीच्या जुडीसारखा हिरवागार झुबका. उसाच्या शेंड्याचा अगदी आतला कोवळा भाग घेऊन त्यापासून हे वाढवतात. पाच-सहा पानांच्या त्या झुबक्याला मुळं फुटली की तो ट्रेमध्ये जातो, मग शेडनेटमध्ये आणि मग शेतात.

आप्पांनी काचेला नाक लावून विचारलं, "मॅडम, हा ऊस कारखान्याला कधी जाणार?"

"हा जाणारच नाही, काका. ह्याचं बेणं व्हायचं, त्या बेण्याचं आणखी बेणं व्हायचं, आणि मग तुमच्या शेतात."

मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा या तीन पायऱ्या. आमच्याकडे बेणं म्हणजे शेजाऱ्याच्या रानातला जो ऊस डोळ्याला बरा दिसला तो. वर्षानुवर्षं तेच बेणं फिरत राहतं आणि त्याच्याबरोबर गवताळ वाढ आणि चाबूक काणी हे रोगही फिरत राहतात. मूलभूत बेण्याला इथं ५४ अंशाच्या दमट गरम हवेची प्रक्रिया देतात ती यासाठीच. बेणं तीन-चार वर्षांनी बदला, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. त्यामागचं कारण बाटलीजवळ उभं राहिल्यावर जास्त पटलं.

नवी जात तयार करायची तर उसाला तुरा यावा लागतो, आणि संकराला हवा तसा तुरा पुण्याच्या हवेत येत नाही. त्यासाठी संस्थेचं केंद्र आंबोलीला आहे. घाटावरच्या उसाचं लग्न तळकोकणाच्या वेशीवर लागतं, असं दाजी म्हणाले आणि दिवसभर तेच म्हणत राहिले.

शेवटी हुमणी, उसाची मुळं खाणारी अळी. आमच्या रानाचं खरं दुखणं तेच. जैविक विभागात एका बशीत दोन अळ्या ठेवल्या होत्या: एक नेहमीची पांढरी, वळलेली, आणि दुसरी मेटारायझियम बुरशीनं पूर्ण हिरवी पडून दगडासारखी कडक झालेली. आप्पांनी काडीनं टोचून बघितलं. चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या फार दिवसांनी बघितलं. बुरशी चालायला जमिनीत ओल हवी आणि सोबत रासायनिक बुरशीनाशक टाकायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. नुसत्या बुरशीवर विसंबून भागत नाही, वळवाच्या पावसानंतर कडुनिंबावर आणि बाभळीवर येणारे भुंगेरे गोळा करणं सुटत नाही, हेही तिथल्यांनी स्पष्ट सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी: आधी फोन करून परवानगी घ्या. आपल्या कारखान्याच्या शेतकी विभागामार्फत गेलात तर जास्त सोपं. ऊतीसंवर्धित रोपं त्या दिवशी मागून मिळत नाहीत, नोंदणी बरीच आधी करावी लागते.

दुसरा दिवस: बारामती

माळेगाव खुर्दच्या कृषी विज्ञान केंद्रात पोचलो तर गाडी लावायला जागा नाही. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं इथं उसावर एआयचा प्रयोग केला. २०२५ च्या सुरुवातीला सत्या नाडेला यांनी त्याचा व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकला, त्यावर इलॉन मस्क यांनी दाद दिली, आणि तेव्हापासून गर्दी हटली नाही असं तिथले लोक सांगतात. बसमधून आलेल्या एका गावच्या मंडळींनी उसापेक्षा हवामान केंद्राच्या खांबाबरोबर जास्त फोटो काढले.

खांबावर वारा, पाऊस, तापमान, आर्द्रता मोजणारी यंत्रं. सरीत गाडलेल्या सेन्सरनं जमिनीतली ओल आणि क्षारता कळते. वरून उपग्रहाचं चित्र. हे सगळं एकत्र करून मोबाईलवर मराठीत निरोप येतो: आज पाणी नको, या कोपऱ्यात नत्र कमी आहे, अमुक रोगाला पोषक हवा आहे.

उपग्रहाला आमचं शेत कितपत बारीक दिसतं, हा माझा प्रश्न होता. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कुणालाही फुकट मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवं येतं. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन. शंभर चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! एकराचे चाळीस गुंठे, तर चित्रात चाळीस ठिपके. आप्पांना हे सांगितलं आणि पहिल्यांदाच त्यांनी मोबाईल स्वतः हातात घेतला. "म्हणजे विहिरीकडचे चार गुंठे पिवळे दिसतेत ते हे." प्रयोगाच्या प्लॉटचं चित्र होतं, आमचं नव्हे, पण बोट फिरवायची पद्धत घरच्या सातबाऱ्यावर फिरवल्यासारखीच.

इंदापूरकडचा एक तरुण शेतकरी भेटला. ठिबक त्याच्याकडे आधीपासून होतं. म्हणाला, "ठिबक असून मी पाटानं द्यावं तसंच पाणी देत होतो. वीज आली की चालू, गेली की बंद. ॲप म्हणायला लागलं, थांब. वडील म्हणाले, ऊस वाळवतोस का? पण माती उकरून बघितली तर खाली ओल होतीच." उत्पादन किती वाढलं असं विचारलं तर त्यानं आकडा दिला नाही. तुटल्यावर काटा बोलेल, म्हणाला. मला तो माणूस त्यामुळेच आवडला.

दोन अडचणी मात्र बोलताना कुणी आपण होऊन काढत नाही. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमक्या तेव्हा आभाळ भरलेलं. ढगाआडून साध्या उपग्रहाला खालचं दिसत नाही, त्या दिवसांत भिस्त जमिनीतल्या सेन्सरवर. दुसरी विजेची. सकाळी दहाला पाणी द्या असा निरोप आला आणि त्या आठवड्याची पाळी रात्रीची असली, तर रात्री बारापर्यंत निरोप शिळा. सौर पंप किंवा दिवसाची वीज असलेल्याला या निरोपांचा खरा उपयोग. बाकीच्यांनी खर्चाचा विचार त्या हिशेबानं करावा. एकट्यानं सेन्सर विकत घेण्यापेक्षा आपला कारखाना या योजनेत आहे का ते आधी विचारा, म्हणजे खर्चाचा काही भार वाटला जातो.

संध्याकाळी ओळखीच्या एका रानात हुरडा. सुरती ज्वारीची कणसं आरातून काढून हातावर चोळलेली, सोबत खोबऱ्या-लसणाची चटणी, गूळ आणि दही. थंडी चांगलीच पडली होती. दाजींना हुरड्यापुढं एआय आठवेना.

तिसरा दिवस: पाडेगाव

सकाळी नीरेच्या दिशेनं निघालो. वाटेत एका उसाच्या फडावर ड्रोन फिरताना दिसला म्हणून थांबलो. चालवणारी बचत गटातली बाई, नऊवारीवर रुमाल बांधलेला, हातात रिमोट. केंद्राच्या ड्रोन दीदी योजनेतून गटाला ड्रोन मिळालाय. ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत अनुदान होतं. दहा लिटरची टाकी, एका एकराला सात-आठ मिनिटं. डोक्यावर गेलेल्या उसात माणूस पाठीवर पंप घेऊन शिरूच शकत नाही, तिथं याला तोड नाही. बाईंची तक्रार बॅटरीची: चार्जिंगला टेम्पोत जनरेटर ठेवावा लागतो आणि ड्रोनपेक्षा त्याचंच ओझं जास्त. "लोक विचारतात, पडलं तर? मी म्हणते, तुमच्याच उसात पडंल, दुसरीकडं कुठं जाणार."

पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ चं, आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली. शेजारी शेजारी जातींचे प्लॉट, प्रत्येकापुढं पाटी. महाराष्ट्रात ज्या दोन जातींनी रान व्यापलंय त्या समोरासमोर होत्या: ८६०३२ आणि २६५. पहिली मूळची कोइमतूरची, आपल्याकडे नीरा नावानं प्रसारित झालेली. दुसरी पाडेगावचीच, फुले २६५.

आणि २६५ वरून वाद न होता पाडेगाव बघून होत नाही. आमच्याबरोबर फलटणकडचे चार शेतकरी होते. त्यांचं म्हणणं, २६५ वजनाला भारी, खोडवा जोरात, चोपण-क्षारपड रानातही तग धरते, मग कारखाना तिच्यावर नाराज का? तिथल्या शास्त्रज्ञांनी सरळ रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची गोडी मोजायची नळी, काढला. उसाच्या बुडख्याच्या कांडीला टोचा मारून थेंबभर रस काचेवर घेतला, झाकण लावलं आणि आप्पांच्या डोळ्याला लावलं. निळी-पांढरी सीमारेषा २१ वर. मग शेंड्याकडच्या कांडीचा थेंब: १६. "बुडात साखर आहे, शेंड्यात अजून नाही. खालचा-वरचा आकडा जवळ आला की ऊस पक्व. ही जात उशिरा पिकते. चौदा महिन्यांआधी तोडली तर उतारा मिळणार नाही, आणि नाव मात्र जातीचं खराब होणार."

तेव्हा फलटणकरांपैकी एकानं विचारलं, "पण साहेब, मी थांबून पिकवून घातला आणि शेजाऱ्यानं कवळा घातला, तर मला जादा दर आहे का?"

नाही. एफआरपी, म्हणजे केंद्रानं बांधून दिलेला उसाचा किमान दर, ठरते संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्ये ज्याच्या उसात जितकी साखर त्याला तसे पैसे, अशी पद्धत आहे. आपल्याकडे गोड ऊस आणि पाणचट ऊस एकाच भावानं काट्यावर चढतात. बारामतीला बघितलेला गुंठ्यागुंठ्याचा ठिपका मला इथं आठवला. मोजमाप गुंठ्यावर आलंय, पट्टी मात्र कारखान्याच्या सरासरीवर निघतेय. शेतकऱ्यानं मग वजनाची जात लावली तर त्याला दोष कसा द्यायचा?

रिफ्रॅक्टोमीटर दीड-दोन हजारांत मिळतो. सगळ्या फेरीत बघितलेल्या यंत्रांपैकी आप्पांनी विकत घ्यायचं कबूल केलेलं हे एकच.

रात्री मुक्काम कऱ्हाडला, जेवायला अख्खा मसूर आणि रोटी. या भागात आलात तर मटणाआधी हे खा. एक विनंती: हंगामात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. मागे दिवा नसलेल्या, रिफ्लेक्टर नसलेल्या दुहेरी ट्रॉल्या अगदी बंपरजवळ येईपर्यंत दिसत नाहीत. कऱ्हाडच्या अलीकडे दाजींना तीनदा करकचून ब्रेक मारावा लागला.

चौथा दिवस: आष्टा आणि कारखान्याची रात्र

वाळवा तालुक्यात एकरी शंभर टनाच्या गप्पा चहाच्या गाड्यावर चालतात, आणि त्या सगळ्याच थापा नसतात. पण आम्ही आलो होतो हार्वेस्टर बघायला.

यंत्र चालताना बघणं म्हणजे कान गेलेच. पुढचे दोन फिरते स्क्रू ऊस उभा करतात, शेंडा उडवतात, जमिनीलगतची पाती बुडखा कापतात, आत वीतभर लांबीचे तुकडे होतात, पंखा पाचट बाहेर फेकतो आणि तुकडे शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत पडतात. एका सरीचा ऊस बघता बघता नाहीसा. आपल्या रानांत दिवसाला शंभर-सव्वाशे टन सहज होतात, असं मालक म्हणाला. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन तोडते. यंत्राची किंमत कोटीच्या घरात, त्यावर सरकारी अनुदान ४० टक्के, कमाल ३५ लाख.

आता शेतकऱ्यानं काय बघायचं ते सांगतो. सरी पाच फुटी हवी. चार फुटीत चाक थेट बुडख्यावर चढतं आणि खोडवा गेला. यंत्र वळायला रानाच्या दोन्ही टोकांना जागा लागते, ती आधी हातानं तोडून द्यावी लागते. दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते येतच नाही, त्यासाठी शेजाऱ्यांनी लागणीपासून एकत्र यावं लागतं, आणि बांधाचं भांडण कोर्टात असलेल्या शेजाऱ्यांनी एकत्र कसं यायचं ते कुठल्याही पत्रकात नाही. वजनातून पाचटाची वजावट होते, साडेचार-पाच टक्के. त्यावर वाद सगळीकडेच आहेत. तुकड्याला दोन्हीकडून तोंडं उघडी, त्यामुळे रस लवकर आंबतो. चोवीस तासांत गाळप झालं नाही तर साखर घटते. पाचट मात्र आयती पसरलेली मिळते, ती न पेटवता तशीच कुजू दिली तर खोडव्याला सोनं आहे.

आणि वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा. जनावरं पाळणाऱ्यांची खरी हळहळ वाढ्यांची. यंत्र शेंड्याचा भुगा करून उडवतं, गोठ्यात काही येत नाही. बांधावर म्हैस घेऊन उभे असलेले एक आजोबा यंत्राकडे असं बघत होते की मला त्यांच्याशी बोलायचं धाडस झालं नाही.

दोन रानं सोडून पलीकडे बीडच्या धारूरकडची ऊसतोड्यांची टोळी तोडत होती. पालापुढं चूल, कडेवर मूल, आणि भाकरी थापता थापता उत्तर देणारी बाई. मशीनची भीती वाटते का असं दाजींनी विचारलं. "भीती कसली, दादा. उभा सरळ ऊस मशीनला, आन् लोळलेला, गुंतलेला, चिखलातला आमाला. दर एकच." २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली होती, तिचं काय, विचारलं. वाढ झाली खरी, पण उचलही (आगाऊ घेतलेले पैसे) तशीच वाढली, म्हणाली. मग आप्पांना तिनं वाढ्यांची पेंढी देऊ केली, गाडीत जागा नसताना आप्पांनी ती घेतली आणि दाजींच्या डिकीत अजून पाचट निघतंय.

शेतकऱ्यांची बाजूही ऐकली. टोळी फडात यायची तर एंट्री (वरचे रोख पैसे) द्यावी लागते, ट्रॅक्टरमागं ड्रायव्हरची वेगळी. पावती कशाचीच नाही. यंत्रासाठी पाच फुटी सरीकडे वळलेल्या बऱ्याच जणांनी मला हेच कारण सांगितलं. उत्पादनवाढ वगैरे नंतर.

रात्री दाजींच्या ओळखीनं एक कारखाना आतून बघितला. आधी शेतकी विभागात. स्क्रीनवर कार्यक्षेत्राचा नकाशा, प्रत्येक नोंदवलेला प्लॉट रंगवलेला: हिरवा म्हणजे कोवळा, पिवळा म्हणजे पक्व. मी विचारलं, "मग तोड या रंगांप्रमाणे लावता का?" साहेब हसले. "लावायला गेलो होतो. एक प्लॉट इथं, दुसरा दहा किलोमीटरवर. टोळी म्हणते पालं किती वेळा हलवायची? शेतकरी म्हणतो माझी नोंद आधीची. शेवटी तारखेनंच चालतं. रंग आम्ही वाद मिटवायला दाखवतो." हा माणूस मनापासून बोलत होता. पक्व ऊस आधी आणला तर सगळ्यांचा उतारा वाढेल हे त्याला आकड्यानिशी पाठ होतं.

मग गव्हाण, जिथं ऊस कारखान्यात पडतो. ट्रॉल्या रिकाम्या होतायत, मोळ्या पडतायत, सुऱ्यांचा खडखडाट. टनभर उसात सत्तर टक्के पाणीच. त्यातून साखर शंभर किलोच्या आसपास, बगॅस (चिपाड) पावणेतीनशे-तीनशे किलो, मोलॅसिस (साखर काढून उरलेला काळा पाक) चाळीस-पंचेचाळीस, प्रेसमड (रसातला गाळ) पस्तीस-चाळीस. पूर्वी साखर सोडून बाकी सगळी ब्याद होती. आता बगॅसवर वीज, मोलॅसिसवर इथेनॉल, प्रेसमडवर गॅस, आणि डिस्टिलरीचं सांडपाणी जाळून उरलेल्या राखेतून पोटॅश. रसाचं बाष्प थंड करून मिळालेलं पाणीच कारखाना पुन्हा वापरतो. रस थेट इथेनॉलला वळवला तर टनाला सत्तर लिटरच्या आसपास, सगळी साखर काढून उरलेल्या मोलॅसिसपासून दहा-अकरा लिटर. किती साखर करायची आणि किती इथेनॉल, हे मात्र कारखान्याच्या हातात पूर्ण नसतं: डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं रसाच्या इथेनॉलवर निर्बंध आणले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उठवले. डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेल्यांचे ते महिने कसे गेले असतील!

कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन, वाफेचा दाब, तापमान, ब्रिक्स (रस किती घट्ट) सगळं आकड्यांत. पण पॅनवर, जिथं पाक आटवून साखरेचा दाणा धरवतात, गेलो तर पॅनमन काचेच्या पट्टीवर उकळत्या पाकाचा ठिपका घेऊन उजेडात धरत होता. दाणा बघत होता. त्याच्यापाशी आम्ही थांबलो. पट्टीवर चकाकणारे कण, अंगठ्यानं पसरवलेले, सगळे एका मापाचे. आता दोन मिनिटांनी बियाणं सोडतो, म्हणाला, आणि स्क्रीनवरच्या माणसाला फोन केला.

कारखान्यात जाणाऱ्यांनी: पाय झाकणारे बूट घाला, ओढणी-मफलर गाडीत ठेवा, कानात कापूस घाला. रात्रीच जा, दिवसा गव्हाणीवर ट्रॉल्यांची रांग आणि आत कुणाला बोलायला वेळ नसतो.

पाचवा दिवस: कोल्हापूर

सकाळी मिसळ, मग शहराबाहेरचं एक गुऱ्हाळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळं मात्र कमी होत चालली, जळणाचा आणि माणसांचा खर्च परवडेना असं मालक सांगत होता. त्यानं नवीन काय केलंय तर चिपाडं थेट चुलवाणात घालण्याऐवजी वाफेचा बॉयलर बसवला आणि काहिलीखाली वाफ आणली. धूर नाही, करपणं नाही, आणि चुलवाणासमोर दिवसभर भाजून निघणारा माणूस लागत नाही. मळी वर आणायला रानभेंडीचा चिकच, पिवळेपणासाठी हायड्रॉस हे रसायन नाही, म्हणून गूळ तांबूस. शहरातलं गिऱ्हाईक आता तांबूसच मागतं, बाजारात मात्र सौद्याला पिवळ्यालाच भाव चांगला.

गुळव्या साठीचा. त्याच्याजवळ डिजिटल थर्मामीटर बघून मला वाटलं, मालकानं लादला असणार. तसं नव्हतं. "मीच आणाय लावला. १०५ला काकवी, ११८ला गूळ, १२० च्या वर पावडर. पोरांना गोळी बघाय शिकवायला चार वर्सं जात्यात, हे चार दिवसांत शिकत्यात." मग पाण्यात पाकाची गोळी करून दाखवली, तांब्याच्या कडेवर टाकली, टण्ण वाजली. थर्मामीटरवर ११७.

काकवी गरम, भाकरीवर, त्यावर तूप. आप्पांनी दोन वेळा घेतली आणि त्यांना साखरेचा आजार असूनही कुणी काही बोललं नाही.

गूळ घरासाठी घ्यायचा तर गुऱ्हाळावरच घ्या, आणि ढेप फोडून आतला रंग बघा. वरचा आणि आतला सारखा असला पाहिजे.

परतीच्या वाटेवर ठरलं ते असं. खोडवा तुटला की रानात ताग, मग जुलैत आडसाली. सरी पाच फुटी. रोपं एक डोळ्याची, शासनमान्य रोपवाटिकेतून, दोन फुटावर. एकराला साडेचार हजारांच्या आसपास लागतील, शिवाय नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) भरायला थोडी वर. टिपऱ्यांच्या मानानं बेणं कितीतरी कमी लागतं आणि महिनाभर रान मोकळं मिळतं. ठिबक आहे ते दुरुस्त करायचं. सेन्सर सध्या नाही, आधी सौर पंपाचा अर्ज. जात मी ८६०३२ म्हणतोय, आप्पा २६५ वर अडून आहेत: "सरासरीच मिळणार असंल तर वजन का सोडू?" दाजींना फक्त एवढंच पाहिजे की लागण कारखान्याच्या नोंदीची तारीख उघडेल त्याच दिवशी व्हावी, आणि त्यासाठी रोपांची मागणी एप्रिल संपायच्या आत द्यावी लागेल.